काखेतला थर्मामीटर आणि माझ्या गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थायरॉईड ‘घरच्या घरी’ तपासण्याचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. वाचला म्हणजे वाचावाच लागला. पेपर माझ्या हाती येण्याआधीच तो कात्रीने कापून माझ्यापुढे ठेवला गेला. “बघा वहिनी, आता तर पेपरातही आलंय!” ठेवणारी माझी धाकटी जाऊ. गेल्या वर्षी हेच सगळं तिला कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं आणि त्यातून बाहेर पडायला घराला बराच काळ लागला. मोबाइलवरच्या मजकुराला ‘कोण लिहितं कोण जाणे’ म्हणून झटकता येतं. तुमच्या पानावर छापून आलेल्याला काय म्हणायचं?

लेखातली कृती तशी निरुपद्रवी आहे. जाग आल्यावर न उठता थर्मामीटर काखेत दहा मिनिटं ठेवायचा. पारा ९७.८ ते ९८.२ अंश फॅरनहाइट असेल तर ठीक, त्याखाली असेल तर थायरॉईड मंद. अमेरिकेतल्या डॉ. ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ साली हे मांडलं. त्या काळी थायरॉईडचा अंदाज घ्यायला रुग्णाला उपाशीपोटी निजवून तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजत, आणि रुग्ण नुसता घाबरला तरी आकडा वर जाई. त्यापेक्षा थर्मामीटर बरा असं एखाद्या डॉक्टरला वाटलं, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पुढे रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, मोजता येऊ लागलं, हे तुमच्या लेखकांच्या कानावर गेलेलं दिसत नाही. की गेलं आहे? कारण ‘रिपोर्ट नॉर्मल असला तरी शरीर खोटं बोलत नाही’ हे वाक्य चौकटीत चांगलं ठळक छापलंय.

या वाक्याने आमच्याकडे काय केलं ते ऐका. जाऊ थकलेली असायची, केस गळायचे, थंडी वाजायची. यातलं काहीही खोटं नव्हतं. टीएसएच तपासलं, ते व्यवस्थित आलं. तेवढ्यात तो थर्मामीटर घरात शिरला. मग रोज सकाळी तिच्या खोलीत कुणी बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. आमच्या भावजींनी कूस बदलली तरी ‘माझं माप बिघडलं’. थर्मामीटर डिजिटल, तो मिनिटभरात वाजून मोकळा व्हायचा. तेव्हा काढायचा की दहा मिनिटं पुरी करायची, यावर नवरा-बायकोत वाद. दहा मिनिटं ही पाऱ्याच्या नळीच्या काळातली, हे त्या मजकुरात नव्हतं. तुमच्याही लेखात नाही.

आकडा बहुतेक वेळा ९७.८ च्या खालीच यायचा. येणारच. पहाटे शरीर दिवसातलं सर्वांत थंड असतं आणि काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा कमी भरतं. थायरॉईडची काहीही तक्रार नसलेल्या कितीतरी माणसांचं सकाळचं माप तिथेच येईल. मग एके दिवशी पारा वर सरकला आणि वरच राहिला. जाऊ खूश, श्वसनाचे व्यायाम लागू पडले म्हणून! पाळी आली, पारा पुन्हा खाली, आणि बाईंचं तोंड उतरलं. अहो, बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे बाईचं तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइट वाढतंच. म्हणूनच पाळी येणाऱ्या स्त्रियांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावं, असं खुद्द बार्न्स यांच्या पद्धतीत सांगितलेलं आहे. तुमच्या लेखकांनी दहा मिनिटं जशीच्या तशी उचलली आणि नेमकं हे गाळलं. पुरवणी वाचणाऱ्यांत बायकाच जास्त असतील, नाही का?

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मला स्वतःला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड खरोखरच मंद; पुष्कळ वर्षं थायरॉक्सिन या थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी घेते. माझी बाटली नेहमीपेक्षा लवकर संपायला लागली. आधी वाटलं, मोजून देणारे फसवतात. मग जावेला रात्री झोप लागेना, बसल्या जागी छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, तेव्हा कळलं माझ्या गोळ्या कुठे जात होत्या ते. ‘तुम्हाला चालतात, मग मला का नाही?’ हा तिचा प्रश्न. रक्त तपासलं तर टीएसएच पार तळाला गेलेलं, म्हणजे अंगात थायरॉक्सिन जास्त झालेलं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि तेव्हा कुठे हिमोग्लोबिन बघितलं. ते कमी होतं, लोह कमी होतं. थकवा, केस, थंडी, सगळ्याचं मूळ तिथे. इतके महिने ते काखेत शोधत होतो.

गरज नसताना घेतलेलं थायरॉक्सिन हृदयाचे ठोके अनियमित करू शकतं, पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ करू शकतं. लेखात याबद्दल चकार शब्द नाही. उलट शेवटी ‘आपल्या डॉक्टरांशी बोलून उपचार सुरू करा’ असं आहे. उपचार कसले? आधी तपासणी करा, असं लिहायला काय हरकत होती? तपासणीचं लिहिलंच असतं तर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं, एवढं एक वाक्य खरोखर उपयोगी पडलं असतं. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे चुकतात.

आणि ते चित्र! मजकुरात काख, चित्रातल्या बाईच्या तोंडात थर्मामीटर. लेख आणि चित्र एकाच माणसाने एकदा तरी शेजारी ठेवून पाहिले होते का?

खुलासा छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. आतल्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात नको, ते कुणी कात्रीने कापून ठेवत नाही.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. – मागच्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून आलेली नाहीत. थर्मामीटरवाल्या बाईला पाव पान मिळतं, मग उत्तरांना चार ओळी का नाहीत? आडवे सात माझं अजून अडलेलं आहे.