सिॲटलचं डाउनटाउन, जोडीजोडीने

प्रिय सई,

तुझं पत्र मिळालं. काकूही बरोबर येतायत हे वाचून फार आनंद झाला. मला मधले दिवस ऑफिस असेल, तेव्हा डाउनटाउनमध्ये तुम्ही दोघीच फिराल. फोनवर नकाशा असतोच गं, पण उंच इमारतींच्या मधे तो निळा ठिपका या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर उड्या मारतो आणि आपण भलत्याच दिशेला चालू लागतो. त्यापेक्षा इथल्या रस्त्यांचा क्रम पाठ करून ये. हे शहर मला आपलं वाटू लागलं ते हा क्रम डोक्यात बसल्यावरच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिशा समजून घे. पश्चिमेला पाणी आहे, एलियट बे. किनाऱ्याला समांतर जातात त्या अव्हेन्यू आणि पाण्याकडून टेकडी चढतात ते स्ट्रीट. फर्स्ट अव्हेन्यू पाण्याच्या बाजूला, मग सेकंड, थर्ड अशा एकेक वर. फर्स्टच्याही खाली वेस्टर्न अव्हेन्यू आणि अलास्कन वे आहेत, त्यांना आकडे नाहीत.

आता स्ट्रीट. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना ते एकाच आद्याक्षराच्या जोड्यांनी येतात: जेफरसन-जेम्स, चेरी-कोलंबिया, मॅरियन-मॅडिसन, स्प्रिंग-सेनेका, युनिव्हर्सिटी-युनियन, पाइक-पाइन. जे, सी, एम, एस, यू, पी. इथले लोक त्यासाठी ‘जीझस ख्राइस्ट मेड सिॲटल अंडर प्रोटेस्ट’ हे वाक्य लक्षात ठेवतात. कोपऱ्यावरच्या खांबावर दोन पाट्या असतात, त्या वाचायच्या. समजा एकीवर थर्ड आहे आणि दुसरीवर सेनेका. तुला पाइकला जायचंय, तर एस नंतर यू, मग पी. म्हणजे उत्तरेला युनिव्हर्सिटी आणि युनियन ओलांडले की पाइक. पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंग दिसलं तर तिथूनच मागे वळायचं.

पत्त्यातला आकडाही तेवढाच कामाचा. अव्हेन्यूवर दर स्ट्रीटला शंभर वाढतात: जेम्सला 600, चेरीला 700, मॅडिसनला 1000, पाइकला 1500. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पत्ता ‘1000 फोर्थ अव्हेन्यू’, म्हणजे ते फोर्थवर, मॅडिसनपाशी. स्ट्रीटवरच्या पत्त्यात हेच उलट. बेनरोया हॉल ‘200 युनिव्हर्सिटी स्ट्रीट’ला आहे, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधे. पाइक प्लेस मार्केटचा आकडा 85, शंभराच्या आत, तेव्हा फर्स्ट ओलांडून पाण्याकडे जायचं. दवाखाना, मारुती, मग डावीकडची बोळ, असे पत्ते सांगत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे केवढं सुख आहे!

काकूंच्या गुडघ्यांसाठी एक सांगते. अव्हेन्यूवरून चालायला फारसा त्रास नाही, पण जेम्स, मॅरियन, मॅडिसन यांचे चढ खडे आहेत. फोर्थवरून फिफ्थवर जायचं असेल तर सरळ ग्रंथालयात शिरा. फोर्थचं दार पहिल्या मजल्यावर आहे आणि फिफ्थचं तिसऱ्या. मधला चढ लिफ्टने जातो, आणि ती काचेची इमारतही आतून पाहून होते.

हा क्रम दक्षिणेला येस्लर वेपाशी संपतो, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. 1853 मध्ये गावाचे पहिले आराखडे नोंदवले गेले तेव्हा इथे सुरुवातीला वस्ती करणाऱ्या आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी रस्ते किनाऱ्याच्या वळणाप्रमाणे आखले. शेजारचा डॉक्टर मेनार्ड मात्र होकायंत्राच्या दिशांवर अडून राहिला. कुणीच माघार घेतली नाही. त्यामुळे येस्लरवर रस्ते आजही मोडल्यासारखे वळतात आणि मधे तिकोनी तुकडे उरलेत. जेम्स आणि येस्लरच्या बेचक्यातल्या अशाच एका तुकड्यावर पार्किंगची इमारत आहे, तिला लोक ‘सिंकिंग शिप’ म्हणतात. ती दिसली की समजायचं, जोड्या संपल्या. पुढे वॉशिंग्टन, मेन, जॅक्सन, किंग, आणि अव्हेन्यूच्या नावामागे ‘साउथ’ लागतं. जोड्यांतले जेम्स आणि मॅरियन म्हणजे डेनीचा भाऊ, जेम्स मॅरियन डेनी. एकाच माणसाच्या नावाचे दोन रस्ते!

युनिव्हर्सिटी स्ट्रीटला जाऊन विद्यापीठ शोधू नकोस हं. 1861 मध्ये विद्यापीठ तिथेच सुरू झालं, पण 1895 मध्ये उत्तरेला हललं. नाव मागे राहिलं. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावही युनिव्हर्सिटी स्ट्रीट होतं, आणि विद्यापीठाजवळची दोन स्टेशनंही जवळपास त्याच नावांची, त्यामुळे घोळ व्हायचा. 2024 मध्ये ते बदलून ‘सिंफनी’ केलं. जुन्या नकाशावर जुनं नाव दिसेल. मार्केटला येताना त्याच्या पुढच्या वेस्टलेकला उतरा, पाइन तिथे लागूनच आहे.

पाइनच्या पुढे स्टुअर्टपासून रस्ते पुन्हा कलतात आणि बेलटाउन लागतं. ती बेल नावाच्या कुटुंबाची जमीन. ऑलिव्ह आणि व्हर्जिनिया हे रस्ते त्यांच्या मुलींच्या नावांचे. तिकडे आपण शनिवारी तिघी मिळून जाऊ.

तिकिटं झाली की तारीख कळव. काकूंना नमस्कार सांग, आणि बूट चांगल्या पकडीचे आणायला सांग, इथले उतार पावसात निसरडे होतात.

तुझी,
मीरा