लाल दोरीचा चिमटा

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे
शनिवार, रात्री साडेदहा

चि. नंदू,
अनेक आशीर्वाद.

आज संध्याकाळी तू ट्रेडमिलवर चालता चालताच व्हिडिओ कॉल केलास. घामाघूम झाला होतास, बघून बरं वाटलं. तुझी आई छकुलीशी बोलण्यात गुंग होती. मी मात्र सगळा वेळ तुझ्या पोटाजवळ बघत होतो. मशीनमधून निघालेली लाल दोरी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाचा चिमटा हवेत झुलत होता. फोनवर म्हटलं असतं तर "हो बाबा, लावतो" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहायला बसलोय. पानांचे फोटो काढून उद्या पाठवतो. अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून वाचून घे, तिला लागतं.

आधी एक कबुली. संक्रांतीच्या आठवड्यात "बाबांना सर्दी झालीय, आवाज बसलाय" असं सांगून आम्ही तीनचार दिवस तुझा व्हिडिओ कॉल टाळला होता. सर्दी वगैरे काही नव्हती. मी ट्रेडमिलवरून पडलो होतो.

सकाळचे सव्वासात. वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे कमाटीबागेत मी चालायचो त्याहून कमीच. दाराची बेल वाजली. दूधवाला असणार हे माहीत होतं, दार तुझी आई उघडणार हेही माहीत होतं, तरी मान वळली. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल तिरकं पडतं. डावा पाय बाजूच्या काठावर पडला तो तिथेच थांबला, उजवा पट्ट्यावर होता तो मागे गेला. गुडघ्यावर आपटलो आणि पट्ट्याने मला पोतं सरकवावं तसं मागे नेलं. मागे दीड फुटावर लोखंडी कपाट. मशीन आणि कपाट यांच्या बेचक्यात मी अडकलो आणि पट्टा काही थांबेना, नडगीवर घासतच राहिला. ती जखम खरचटल्यासारखी नसते, भाजल्यासारखी असते. तुझी आई थेपले लाटत होती. हातात लाटणं तसंच घेऊन धावत आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग विचारलं, "लागलं का?"

नडगी भरून यायला तीन आठवडे गेले. पण लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पोरांना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, शिकवली. 1890 साली सयाजीरावांनी काढलेली ती संस्था, तिथल्या जुन्या मास्तरांनी जे मला शिकवलं तेच मी पुढे शिकवत आलो. पहिल्या दिवशी लेथ चालू करायचीच नाही. प्रत्येकाने डोळे मिटून उभं राहायचं आणि हात नेमका लाल बटणावर नेऊन दाखवायचा. तीनदा. चुकला तर परत रांगेत शेवटी. आणि हाच मी घरच्या मशीनवर चिमटा न लावता चढत होतो. का, तर तो लावला की बनियन ओढलं जातं.

तुलाही ही गोष्ट नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायला लागलास तेव्हा पहिले आठ दिवस फक्त उतरायला शिकवलं, म्हणून रडत घरी आला होतास.

त्या दोरीचं काम साधं आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला मशीनमध्ये बसणारी किल्ली असते, त्या किल्लीत लोहचुंबक असतं. ते जागेवरून सुटलं की मोटरचा पुरवठा तुटतो. माणूस पडताना बटण शोधू शकत नाही, दोन्ही हात तोल सावरायला जातात. ते काम दोरी करते. चिमटा पँटच्या कमरेला लाव, टी-शर्टच्या सैल टोकाला नको, नाहीतर कापड ताणलं जातं आणि किल्ली जागेवरच राहते. दोरी फार लांब असेल तर एक गाठ मारून आखूड कर. एक पाऊल मागे पडलं की ती निघायला हवी. आणि दर रविवारी तपास: दोन्ही पाय बाजूच्या काठांवर ठेवून उभं राहायचं, पट्टा दोनच्या वेगाने मोकळा सोडायचा आणि दोरी ओढायची. थांबला नाही तर त्या दिवशी चालायला बाहेर जा.

आता जागेचं. तू भिंतीकडे पाठ करून मशीन लावलंयस, मागे खुर्ची दिसत होती. मशीनच्या मागे निदान सहा फूट मोकळं हवं, दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट. तोंड भिंतीकडे असलं तरी चालेल, पाठ मोकळी हवी. आमचं कपाट आता आतल्या खोलीत गेलं आणि मशीन आडवं फिरवलं. खोली विचित्र दिसते. आईला ते अजून पटलेलं नाही, पाहुणे आले की ती त्यावर चादर टाकते.

जमीन सपाट आहे असं वाटतं, असतेच असं नाही. मी पाणसळ लावून बघितलं तर आपल्या जुन्या फरशीला एका कोपऱ्यात चांगला उतार निघाला. मशीनच्या पायांना फिरवायचे स्क्रू असतात, ते वरखाली करून चारही पाय सारखे टेकले पाहिजेत. डगमगणारं मशीन पट्टाही एका बाजूला नेतं. खाली जाड रबराची मॅट घाल. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आतापर्यंत तक्रार केली नसेल तर ते भले लोक आहेत.

विजेच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. मशीनवर 4 एचपी लिहिलंय असं तू अभिमानाने सांगितलंस. घरगुती मशीनवरचा असा मोठा आकडा बहुतेक वेळा 'पीक'चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, सलग चालताना मोटर देते ती ताकद त्याहून बरीच कमी. समज 2 एचपी धरली. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे जवळजवळ दीड हजार वॅट झाले. घरातलं लहान सॉकेट 6 अँपिअरचं, 230 व्होल्टला गुणलंस की 1380. हिशेब तुझा तूच कर. 16 अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट हवं, अर्थिंग असलेलं, आणि त्याच सॉकेटवर दुसरं काही नको. आपल्याकडे मशीन बसवायला आलेल्या पोराने टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डात प्लग घुसवला आणि वर म्हणाला, "काका, कंई वांधो नथी." दहा मिनिटांनी प्लगला हात लावला तर चटका बसला. इलेक्ट्रिशियन बोलावून खिडकीखाली वेगळी लाइन ओढून घेतली. त्याच बटणाने पुढे तुझ्या आईचं काम झालं.

खरं म्हणजे या मशीनशी माझी पहिली ओळख दवाखान्यातली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला, कमाटीबागेत पाणी शिरलं आणि नंतर कितीतरी दिवस चिखल. शहरात मगरींच्या बातम्या ऐकून तुझी आई सकाळी बाहेर पडायलाच तयार नव्हती. तेव्हाच तू मशीन पाठवायचं ठरवलंस. डॉक्टर म्हणाले, या वयात सुरू करताय तर आधी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी, करून घ्या. छातीला तारा चिकटवतात आणि ट्रेडमिलवर चढवतात. त्या चाचणीचा क्रम डॉ. ब्रूस यांनी बसवला म्हणून त्यांचंच नाव आहे: पहिली तीन मिनिटं 2.7 चा वेग, पण चढ 10 टक्के. पुढची तीन 4 चा वेग आणि चढ 12. मग साडेपाच आणि 14. दर तीन मिनिटांनी मशीन आपलं आपण अवघड होतं. मी तिसऱ्या टप्प्यात हात वर केला. पण शेजारी एक मुलगी सगळा वेळ पडद्याकडे आणि माझ्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत उभी होती, थांबवायला तयार. घरी ती मुलगी नसते. तू अजून चाळिशीही गाठली नाहीस, पण गेल्या वेळी बीपी जरा वर निघालं होतं ना? मग पळायला लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचार. आणि चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर "अजून दोनच मिनिटं" नाही.

चालू करताना पट्ट्यावर उभं राहून बटण दाबू नकोस. पाय काठांवर, वेग सगळ्यात कमी, पट्टा फिरायला लागला की मग एकेक पाऊल. सुरुवातीची पाच मिनिटं हळू. हँडल चढता-उतरताना धर, पण सगळा वेळ त्यावर रेलून चालणं म्हणजे मशीनला फसवणं. पडद्यावरचे आकडे वाढतात, पायांवरचा भार कमी होतो आणि पाठ वाकते. हात सोडून जमत नसेल तर वेग जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. नजर समोर, आणि फोन नको. तुझा आजचा कॉल त्यातच आला.

वेग किती ठेवावा हे तुझ्या आईकडून शिक. ती तीनच्या वेगाने रामरक्षा म्हणत चालते. एक रामरक्षा म्हणजे तिची दहा मिनिटं. श्लोक म्हणताना धाप लागली की वेग उतरवते, चालीवर गाता यायला लागलं की थोडा चढवते. हेच डॉक्टर सांगतात: बोलता यावं, गाता येऊ नये. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली की पुरे. तिने ओढणी न घेता चालायला सुरुवात केली ती मात्र माझी नडगी बघितल्यावर. बुटांच्या नाड्याही आत खोचते.

तिच्या मते हे मशीन म्हणजे सक्तमजुरी. मी तिला वाचून दाखवलं की खरंच तसं होतं. 1818 च्या सुमाराला विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचं चक्र काढलं, त्याचंच नाव ट्रेडमिल. तेव्हापासून ती मला "कैदी नंबर एक" म्हणते.

थांबताना एकदम थांबू नकोस. पायांत उतरलेलं रक्त चालण्यामुळे वर ढकललं जात असतं. झटकन थांबलास तर ते तिथेच साचतं आणि गरगरतं. चारपाच मिनिटं वेग उतरवत ये. उतरल्यावर क्षणभर जमीन सरकल्यासारखी वाटते, हँडल धरून उभा राहा.

परवा विचारत होतास, पट्टा डावीकडे का सरकतो. मागच्या रोलरला दोन्ही बाजूंना बोल्ट असतात. पट्टा ढिल्या बाजूकडे जातो. डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, एवढाच, आणि चारच्या वेगाने मोकळा पट्टा मिनिटभर बघत राहायचं. मग लागला तर आणखी पाव. घाईने पूर्ण फेरा मारलास तर उजवीकडे पळेल आणि तू दुपारभर दोन्ही बाजूंचे बोल्ट पिळत बसशील. मशीनबरोबर आलेली एलन की टाकून दिली नाहीस ना? बोल्ट फिरवताना केस, बाही, बोटं पट्ट्यापासून लांब.

तेल सिलिकॉनचं. खोबरेल नाही, शिवणयंत्राचं नाही, गंज काढायचा स्प्रे तर नाहीच. प्लग काढ, पट्ट्याखाली हात घालून मधला भाग चाचप. कोरडा लागला तर पट्टा उचलून दोन्ही बाजूंनी आत सोड. किती आणि केव्हा ते तुझ्या मशीनच्या पुस्तकात दिलं असेल, ते फेकून दिलं नसशील तर. कोरडा पट्टा मोटरला ओढायला लावतो, मोटर तापते आणि मग माणूस मोटर बदलतो.

छकुली. हेच खरं तर पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. तीन वर्षांच्या पोराला हलणारी गोष्ट हाताने धरावीशी वाटते, आणि पट्टा मागे जिथे आत जातो तिथे तिची बोटं बरोबर जातील एवढी फट असते. मघाशी सांगितली तशी भाजलेली जखम लहान मुलांच्या हातांना होते आणि ती फार वाईट. 2021 साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला आपली ट्रेडमिल परत मागवावी लागली, मशीनखाली ओढलं जाऊन एक मूल दगावलं होतं. तुझी पाठ तिच्याकडे असते, तुला दिसणार नाही. चालताना खोलीचं दार आतून लाव. झालं की किल्ली काढून तिला पोचणार नाही अशा जागी, आणि भिंतीवरचं बटण बंद. किल्ली मशीनवरच ठेवायची सवय असेल तर आजपासून मोड. "ती शहाणी आहे, हात लावत नाही" असं तू मागे म्हणाला होतास. तूही शहाणा होतास, आणि शिवणयंत्राच्या सुईखाली बोट घातलं होतंस. खूण अजून आहे.

दिवाळीला आलो की तुझं मशीन बघतो, तेलाची बाटली मी आणतो. लिलो चेवडो किती आणायचा ते सूनबाईने कळवावं.

तुझा,
बाबा

ता. क. मी पडल्याचं तुला कळलंय हे आईला कळू देऊ नकोस. "पोरगं तिकडे काळजी करत बसेल" म्हणून तिने शपथ घातली होती. उद्या कॉल कर, आणि चिमटा लावून उभा राहा. मला दिसेल.