श्रीलंकेच्या टूरला थायलंडचा सूचनांचा कागद दिला त्याबद्दल तक्रार

मॅनेजर साहेब, नमस्कार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं, मी, मिसेस आणि आई-बाबा, तुमच्या सोलापूर ऑफिसमधून बुकिंग करून श्रीलंकेला जाऊन आलो. बुकिंगच्या वेळी तुमच्या माणसाने दोन पानी सूचनांचा कागद दिला, नीट वाचा सगळं त्यात आहे म्हणाला. वाचला की ओ आम्ही, तिथंच तर चुकलं.

कागदात होतं की उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे करा. बाबा एसटीत कंट्रोलर होते, वेळेचे पक्के, त्यांनी विमानातच काटा फिरवला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सातच्या नाश्त्याला खाली गेले तर सगळा अंधार, वॉचमन खुर्चीत झोपलेला, आणि खरे वाजलेले साडेपाच. श्रीलंकेची आणि आपली वेळ एकच आहे हे त्या वॉचमनने सांगितलं. मग मी कागद परत काढला तर खाली 'सुट्टे बाथ जवळ ठेवा'. बाथ थायलंडला चालतात साहेब, इथं श्रीलंकन रुपया. म्हणजे थायलंडचाच कागद, वरचं नाव तेवढं बदललंय. चपट्या दोन पिनचा अॅडॉप्टर पण त्यातलाच, अख्खी नवी पेठ फिरून आणलेला, आणि आमच्या हॉटेलात जाड चौकोनी तीन पिनांची सॉकेटं.

हे हसून सोडलं असतं. पण 'हवा दमट, जाड कपडे नकोत' वाचून स्वेटर घरी ठेवले, आणि नुवारा एलिया सहा हजार फुटांवर, वरून पाऊस, रात्री नुसती हुडहुडी. आईने कोणाला न सांगता बॅगेच्या तळाला आपली चादर कोंबली होती म्हणून बरं, दोघं तिच्यातच गुरफटून बसले.

आता पैशाचं. मिरिसाला व्हेल बघायच्या बोटीचे माणशी ४,५०० म्हणजे १८,००० तुम्ही आधीच घेतले. तिथं समुद्र खवळलेला, लाल बावटा, बोट निघालीच नाही. ड्रायव्हर म्हणाला मे ते सप्टेंबर ह्या बाजूला मान्सून, इकडचा व्हेलचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, जूनमध्ये यायचं तर पूर्वेला त्रिंकोमालीकडे जायचं. हे ड्रायव्हरला माहिती आणि टूर विकणाऱ्याला नाही? तुमच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर काय, 'निसर्गापुढे कोणाचं चालतंय सर'. अहो जूनमध्ये आपल्या मालवणला पण बोटिंग बंद असतं, त्यात नवीन काय.

तर १८,००० पंधरा दिवसात खात्यावर जमा करा, नाहीतर मी १९१५ ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे. पावती आणि त्या कागदाचा फोटो सोबत जोडलाय, बाथवाल्या ओळीला लाल पेनाने गोल केलाय. दिवाळीत तुमचा अजून एक ग्रुप श्रीलंकेला निघालाय असं ऐकलं, त्यांना तरी हा कागद देऊ नका.

आपला,
जुळे सोलापूरचा एक ग्राहक