रंगाचा हात फिरवण्याआधी भिंत पाहा, उतारही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी मे महिना लागला की नालेसफाई, धोकादायक इमारतींच्या याद्या आणि दरडप्रवण गावांची स्थिती यांविषयीच्या बातम्या सगळ्याच वृत्तपत्रांत येऊ लागतात. त्या आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु भिंत, घाट, रस्ता किंवा डोंगरउतार किती झिजला आहे हे पाहण्याचा हंगाम मे नसून आश्विन-कार्तिक आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण झिजेच्या खुणा रंगाखाली, पुट्टीखाली आणि सिमेंटखाली झाकून टाकतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खडक जागच्या जागी कुजून सुटा होणे म्हणजे विदारण आणि तो सुटा झालेला माल पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून जाणे म्हणजे क्षरण, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तरीही बहुतेकांच्या मनात या विषयाचे जे चित्र उरते ते भेगेत पाणी गोठून फुटणाऱ्या खडकाचे, म्हणजे थंड देशातले असते. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी येते, तेवढाच आपला बर्फ. आपला खडक फोडण्याचे काम मुख्यतः पाणी करते: चार महिने भिजणे, मग आठ महिने सुकणे, आणि भिजलेल्या काळात खडकातल्या खनिजांवर चालणारी संथ रासायनिक प्रक्रिया. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने ते मुळातच किंचित आम्लधर्मी असते. मातीतून झिरपताना ते आणखी आम्लधर्मी होते. म्हणून या झिजेच्या खुणा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या पाऊस थांबल्यानंतरच्या काही आठवड्यांत.

घराच्या भिंतीला लागणारा लोणा हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. जमिनीतला ओलावा विटांच्या, दगडांच्या आणि मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतो आणि येताना विरघळलेले क्षार सोबत आणतो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत सुकू लागली की पाणी उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागाशी स्फटिकरूपात साचतात. हे स्फटिक वाढताना छिद्रांच्या कडांवर दाब देतात, आणि म्हणून गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, विटेचा भुगा होतो. लोण्याची पांढरी रेघ ज्या उंचीवर थांबलेली असते, साधारण तिथपर्यंत भिंतीत ओलावा पोहोचतो असे समजावे. म्हणजे भिंतीने आपल्या ओलाव्याचा आलेख स्वतःच काढून ठेवलेला असतो, आणि दिवाळीच्या तोंडावर आपण तो तारेच्या ब्रशने खरवडून, पुट्टी भरून, वर ऑइलपेंटचा हात देऊन पुसून टाकतो. बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने ओलावा आणखी वर चढतो आणि दोन-तीन वर्षांत लोणा नव्या उंचीवर दिसतो. दोष मात्र रंगाच्या कंपनीला दिला जातो.

दगडी बांधकामांबाबत हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. जुन्या घाटांच्या, देवळांच्या आणि वाड्यांच्या दगडांमधला चुना दगडापेक्षा मऊ असतो, तो पावसाने धुपतो आणि सांधे उघडे पडतात. उघडा सांधा ही चुना पुन्हा भरण्याची सूचना असते. त्या जागी कडक सिमेंटचे दर्जे भरले की भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. तो दगडाच्या किंवा विटेच्या अंगातून बाहेर पडतो आणि दगड मऊ असेल तर त्याचे कवच सुटू लागते. गावच्या वेशीवरच्या किंवा देवळाबाहेरच्या वीरगळांना तेलरंग फासण्याची हौस हाही त्यातलाच प्रकार. रंगाच्या थराआड दगडाचे काय चालले आहे ते दिसेनासे होते. मग कधीतरी तो रंग काढण्यासाठी दाबाने वाळू मारली जाते, आणि शतकानुशतके टिकलेली कोरीव रेघ एका दुपारी बोथट होते. पाऊस इतक्या घाईने काम करत नाही.

सगळीच झीज मात्र विदारणाची नसते, हेही ओळखता यायला हवे. देवळाच्या पायरीचा मधला भाग खोलगट झाला असेल तर ते भाविकांच्या पायांचे काम आहे. त्याच पायरीची सांध्यालगतची कड भुसभुशीत होऊन तिचे पापुद्रे सुटत असतील तर ते पाण्याचे. पाटा गुळगुळीत झाला की पूर्वी टाकीवाल्याकडून टाकी लावून घेत, कारण काळा दगडही रोजच्या घासण्याने झिजतो, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. दगडावरचे राखाडी-हिरवट गोल डाग पुष्कळांना मळ वाटतात. वास्तविक ती दगडफुले असतात, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडे. त्यांच्यातून पाझरणारी सौम्य आम्ले खडकाचा पृष्ठभाग हळूहळू कुरतडतात, पण त्यांची गती इतकी मंद असते की डाग दिसताच ॲसिड ओतण्याचे काही कारण नाही. सांध्यात रुजलेल्या पिंपळाचे तसे नाही. त्याचे रोप वीतभर असतानाच काढावे लागते; मूळ जाड होऊन दगड बाजूला सारू लागले की ते उपटताना भिंतच सोबत येते.

जमिनीवरच्या खुणा तर याहून सोप्या. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला आपण सहली काढतो. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी ते कातळात कोरलेले आहेत. तेच पाणी घराच्या वळचणीखाली पागोळ्यांच्या थेंबांनी मातीत खड्ड्यांची सरळ ओळ पाडते, ती मात्र आपण पाहत नाही. शाळेच्या मैदानावर, विशेषतः गवत नसलेल्या भागात, पावसाळ्यानंतर वाकून पाहावे. लहान खडे मातीच्या इवल्या खांबांवर उभे दिसतात. खड्याखालची माती थेंबाच्या माऱ्यापासून वाचलेली असते आणि भोवतालची वाहून गेलेली असते. त्या खांबाची उंची म्हणजे त्या जागेवरून कमीत कमी तेवढ्या जाडीचा मातीचा थर गेला, असा सरळ हिशेब आहे. झाडाची मुळे उघडी पडणे, कुंपणाच्या खांबाचा पूर्वी जमिनीत असलेला भाग वर दिसू लागणे, भिंतीच्या पायथ्याशी चिखलाचे शिंतोडे उमटणे आणि शेताच्या बांधाखाली ताजा गाळ साचणे, ही सगळी त्याच हिशेबाची पाने आहेत. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. ओघळ बोटभर असताना बुजवला नाही तर त्याची घळ होते, हे तो जाणतो. नगरपालिकेच्या बागांत मात्र उताराच्या दिशेने पायवाटा आखलेल्या दिसतात आणि दर वर्षी त्यांवर नवा मुरूम पसरला जातो.

आता डोंगराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तिथे खूण न वाचण्याची किंमत गिलाव्यात मोजली जात नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसॉल्टने बनलेला आहे. पसरणीसारख्या कोणत्याही घाटात, जिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे, गाडी सुरक्षित जागी थांबवून त्या कापाकडे पाहावे. खालच्या बाजूला काळा, घट्ट कातळ दिसतो आणि त्यात आडव्या-उभ्या भेगा असतात. या भेगांतून पाणी शिरते. दगडाच्या ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच दिशेने काम करते, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. त्यामुळे कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळा हळूहळू गोल होत जातो. त्याभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखी तांबूस-पिवळी कवचे सुटतात आणि मध्ये काळा, टणक गोटा उरतो. बेसॉल्टमधल्या लोहाला गंज चढल्याने तो तांबूस रंग येतो, आणि फेल्डस्पारसारख्या खनिजांची चिकणमाती होते. आणखी वर पाहिले की गोटेही संपतात, मुरूम लागतो आणि शेवटी माती.

हा काप म्हणजे विदारणाचा उभा छेद आहे. विहिरी खणणारी माणसे माती, मुरूम, मांजऱ्या खडक, काळा पाषाण असे त्याचे थर आजही बोलता बोलता सांगतात. अनेक घाटांत दोन कातळांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टाही दिसतो. एका लाव्हाप्रवाहाचा माथा कुजला आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला, तेव्हाचे ते विदारण आहे, माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचे. पाणी तो पट्टा सहजी ओलांडू शकत नाही, म्हणून त्याच्या वरच्या कडेने झरे फुटतात. कोकणात जांभ्याचेही असेच आहे. वरचा सच्छिद्र जांभा पाणी आत घेतो, खालची मऊ, चिकण माती ते अडवते, आणि दोहोंच्या सीमेवर उतार कमकुवत होतो.

सह्याद्रीत कोसळते ती बहुधा ताज्या कातळाची भिंत नसते. कातळावर बसलेला, पाण्याने जड झालेला हा कुजलेला थर घसरतो. माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इरशाळवाडी 19 जुलै 2023. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, म्हणजे जमीन भिजून तट्ट झाल्यानंतरच्या. त्या वेळी धो धो पावसात कोणी उतारावर जाऊन भेगा मोजू शकत नाही. त्या वेळी गाव रिकामे करणे एवढेच हाती असते, आणि तेही इशारा वेळेवर पोहोचला तर. हा इशारा पावसाळ्याआधी सात-आठ महिने वाचता येतो, असे माझे म्हणणे आहे. प्रत्येक दरड आधी पत्र पाठवून येते असा माझा दावा नाही. परंतु उताराच्या वरच्या अंगाला आडवी गेलेली भेग, एकाच दिशेला कललेली झाडे आणि विजेचे खांब, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी फुटलेला झरा, नेहमीच्या झऱ्याला अचानक आलेला गढूळपणा, पोटाशी फुगलेली संरक्षक भिंत आणि तिच्यातली पाणी जाण्याची बुजलेली भोके यांतले काहीही दिसले तरी ते नोंदवण्यासारखे आहे. ऑक्टोबरात या खुणा ताज्या असतात. गवत वाळून आडवे झाले आणि वणव्याची राख, धूळ व गुरांच्या वाटा यांनी उतार झाकला, की मे महिन्यात पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांतले निम्मेही दिसत नाही.

यावर माणसे उगाच घाबरतील, असा आक्षेप घेतला जाईल. भिंतीतली प्रत्येक भेग धोक्याची नसते, हे खरेच आहे. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगा बहुधा तो सुकताना आकसल्याने पडतात, आणि काळ्या जमिनीवरची घरे जमीन फुगण्या-आकसण्याबरोबर थोडी हलतातच. म्हणूनच नोंद हवी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, आणि महिन्याने त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्यावे. न हललेल्या भेगेची काळजी सोडता येते, वाढलेल्या भेगेसाठी अभियंत्याला बोलावता येते. याला भूवैज्ञानिक लागत नाही. तो लागतो पुढच्या टप्प्यावर, आणि तेव्हा त्याच्या हाती तारीखवार नोंद असेल तर त्याचे काम पुष्कळ सोपे होते.

सरकारी यंत्रणेसाठी नवी योजना, नवे कार्यालय किंवा नवा निधी मी मागत नाही. गावोगावी 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरतेच. तिच्या विषयपत्रिकेवर पावसाळ्यानंतरच्या शिवारफेरीचा एक विषय घ्यावा, आणि फेरीत दिसलेल्या खुणा जागेच्या उल्लेखासह ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याकडे लेखी द्याव्यात. नववीच्या भूगोल शिक्षकांनी बाह्यप्रक्रियांचे प्रकरण शाळेच्या आवारातच शिकवावे. पागोळ्यांचे खड्डे आणि लोण्याची रेघ यांसाठी सहलीची परवानगी लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीनेही हाच काळ सोयीचा आहे, कारण चुन्याचे काम कडक उन्हात घाईने सुकून भुसभुशीत होते, थंडीत ते सावकाश पक्के होते. मे महिन्यात घाईघाईने बांधलेल्या संरक्षक भिंतीलाही तेवढी सवड मिळत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व पानाइतकीच जागा ऑक्टोबरच्या मध्यापासून तीन-चार आठवडे वाचकांच्या नोंदींना द्यावी: ठिकाण, तारीख, एक छायाचित्र आणि दोन ओळींचे वर्णन. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणांची छायाचित्रे पुन्हा मागवावीत आणि दोन्ही शेजारी शेजारी छापावीत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, वाई