तुम्ही किल्ली मागितली नाहीत

मामा,

सप्रेम नमस्कार.

श्रावणाच्या शेवटच्या रविवारी म्हाळुंग्याकडून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर चढणाऱ्या कच्च्या वाटेवर एक राखाडी मारुती जिम्नी चरात रुतली होती. बाजूच्या दगडावर छत्री धरून एक म्हातारी आणि दहा वर्षांची मुलगी बसली होती. ती गाडी माझी, म्हातारी माझी आई आणि मुलगी माझी लेक. तुमचं नाव, गाव काहीच मी विचारलं नाही. वाघबिळात आल्यावर आई मला चांगलीच बोलली, "माणसानं दोन तास आपल्यासाठी पावसात काढले आणि तू साधं नाव विचारलं नाहीस?" त्यानंतर दोन रविवार मी तिकडं येऊन गेले, पण तुम्ही दिसला नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. त्या भागातलं कुणीतरी वाचेल, "हे तर आपले वडापवाले (शेअर जीपवाले) मामा" म्हणेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉप, म्हणजे साच्यांसाठी नमुने बनवायचा विभाग, बघते. चौदा वर्षं झाली. लोखंड कुठं पोकळ राहतं, कुठं तडकतं, हे रोजचंच. त्यामुळं कुठलीही गाडी बघायला गेले की मी आधी खाली वाकून बघायची. शिडीसारखी चासी, पुढंमागं अखंड अ‍ॅक्सल, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आणि एवढं असून वजन जेमतेम बाराशे किलो. जिम्नी मला पोटाखालूनच आवडली होती. पण जिथं जिथं गाड्या बघायला गेलो, तिथं प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर माझ्या नवऱ्याला मिळायचं. गाडी तिची आहे, चालवणार ती आहे, असं तो दर वेळी सांगायचा. तरीही चाचणीला किल्ली आधी त्याच्याच हातात ठेवली जायची.

ही गाडी हवी होती ती माहेरासाठी. माझं माहेर गगनबावडा तालुक्यात. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो तिथं. घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता अजून मातीचा आहे. जून ते ऑक्टोबर आईला भेटायचं तर गाडी डांबरावर ठेवायची आणि चपला हातात घ्यायच्या.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गाडी घरी आली. अंबाबाईला नारळ वाढवला. पहिले तीन आठवडे ती गावातच फिरली. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात ती अलगद शिरते, कारण रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर. बसल्यावर रस्ता वरून दिसतो, बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात, त्यामुळं कुठं टेकेल याचा अंदाज लगेच येतो. स्टेअरिंग हलकं आहे, पण वळणानंतर आपणच सरळ करावं लागतं. मला ते आवडलं, हाताला काम राहतं. पेट्रोल इंजिन, १४६२ सीसी, १०५ अश्वशक्ती. हे आकडे मला पाठ होते. गिअरशेजारचा जो दुसरा दांडा जोर दोन चाकांना द्यायचा की चारही हे ठरवतो, त्याला मात्र त्या तीन आठवड्यांत माझा हात लागला नव्हता.

आईला मसाईदेवीचं दर्शन घ्यायचं होतं. श्रावणभर ती माझ्याकडं होती. त्या दिवशी कच्ची वाट लागल्यावर मी दांडा टू एच (फक्त मागच्या दोन चाकांना जोर) वरून फोर एच (चारही चाकांना) वर घेतला. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे झालं, अशी माझी समजूत. समोरून मोटारसायकली आल्या, त्यांना बाजू द्यायला मी डावीकडं घेतलं आणि पुढचं डावं चाक चरात गेलं. मागचं उजवं जमिनीपासून सुटलं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. चिखल काचेपर्यंत उडाला आणि जितकी दाबली तितकी गाडी रुतली.

त्या मोटारसायकलवाल्या पोरांनी थांबून विचारलं. चांगली पोरं होती, त्यांचे आभार इथंच मानते. पण दार उघडत ती म्हणाली, "ताई, उतरा तुम्ही. आम्ही काढून देतो." एकानं बंपरला बांधायला दोरीही काढली. मी पट्टा सोडला होता. उतरणारच होते.

तेवढ्यात तुम्ही वरून उतरत आलात. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात खुरपं. एक शब्द न बोलता गाडीभोवती फेरी मारलीत. उकिडवं बसून खाली बघितलंत. आधी पोरांना सांगितलंत, दोरी बंपरला लावायची नाही, त्याला खाली हूक दिलेला असतो. मग खिडकीतून आत डोकावलात आणि तुमचा चेहरा खुलला.

"ह्यो दुसरा दांडका हाय की अजून! मला वाटलं, आता समदं बटनावरच आसतंय."

मग मला विचारलंत, "आत्ता कुठं हाय त्यो?"

"फोर एच."

"आन् त्येच्या खालचं घर?"

फोर एल, म्हणजे लो (चारही चाकं, पण वेग कमी आणि ओढ जास्त), मी कधी टाकलंच नव्हतं. तसं सांगितलं. पोरं म्हणाली, "मामा, त्यांना उतरू दे, तुम्हीच बसा." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी घरी येऊन लिहून ठेवलंय. "तिची गाडी हाय, तीच काढंल. उद्या पुन्हा अडाकली तर तुमी येनार हाय का?"

मामा, आभार मानायचे आहेत ते यासाठी. गाडी कुणीही काढून दिली असती. तुम्ही किल्ली मागितली नाहीत.

मग तुम्ही मला खाली बोलावलंत आणि टायरची हवा सोडायला लावलीत. एक वाळकी काटकी व्हॉल्व्हमध्ये दाबून धरायची, टायरचं बूड जमिनीवर पसरलं की थांबायचं. गेज नाही, काही नाही. तुम्ही तळव्यानं टायर दाबत "अजून", "अजून", "बास" म्हणत होता. वाघबिळात पंक्चरवाल्यानं मोजलं तेव्हा चारही टायरमधली हवा अठरा ते एकोणीस पीएसआयच्या मध्ये होती. हवा कमी केली की टायर चपटं होतं, जास्त जमीन धरतं. फाउंड्रीतल्या बाईला हे कळायला हवं होतं, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं.

तोवर तुम्ही चाकापुढचा चिखल खुरप्यानं ओढलात, जांभ्याच्या दोन चपट्या चिपा बसवल्यात. आणि मग अंगावरची खोळ काढून चाकाखाली घातलीत. पाऊस चालू होता. आई दगडावरून ओरडली, "अहो, भिजाल की!" तुम्ही ऐकलं नाहीत.

"गाडी हुबी. क्लच पुरता दाब. गेर न्यूटर. आता दांडका खाली." दिवा लागला. "दुसरा गेर टाक. पाय यकसारखा ठेव. चाक गरगरलं तरी सोडू नगंस. घाबरू नगंस."

चाक गरगरलं. माझा पाय उचलायला शिवशिवत होता. खालून कर्रर्र आवाज आला, गाडी थरथरली आणि डबक्यातून म्हैस उठावी तशी सावकाश वर आली. लेक दगडावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

घरी जाऊन गाडीसोबतचं पुस्तक वाचलं तेव्हा त्या आवाजाचा अर्थ कळला. जे चाक हवेत फिरतं त्याला गाडी आपणहून ब्रेक लावते आणि जोर त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या चाकाकडं जातो. मी सारखा पाय उचलत होते, म्हणून तिला ते करायला सवडच मिळत नव्हती. लो मध्ये वेग साधारण निम्मा होतो आणि ओढ जवळपास दुप्पट. तुमच्या जीपला असलं काही नव्हतं, तरी पाय स्थिर ठेवायचं तुम्ही बरोबर सांगितलंत.

तुम्ही पुढं माझ्या शेजारी बसून देवळापर्यंत आलात. बोलता बोलता कळलं, लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन बावीस वर्षं बांबवडे-मलकापूर वडाप केलंत. आता शेती. देवळाजवळ गाडी वळवायला मी मोकळ्या गवतात घेणार होते. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "गवतावर घालू नगंस!" मग खाली उतरून बोटानं दाखवलंत, वर चार बोटं माती, खाली सगळा जांभा. चाकाची एक चाकोरी पडली की पाऊस त्यातूनच वाहतो, माती घेऊन जातो आणि तिथं पुन्हा काही उगवत नाही. त्या चार बोटांत जांभळी-पांढरी बारीक फुलं होती. पलीकडं कुणाच्या तरी गाडीनं गोल गोल फिरवून काढलेले वळ दिसत होते. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडं शिवरायांची पालखी याच पठारावरून गेली. तिथं असे वळ बघून मला फार वाईट वाटलं. मी मागं घेऊन वाटेवरच वळवली, चार वेळा पुढंमागं करून. आता माझी गाडी कुठल्याही पठारावर वाट सोडत नाही आणि सोबत येणाऱ्यांनाही मी सोडू देत नाही.

उतरताना म्हणालात, "ब्रेकवर नाचू नगंस, इंजानच धरतंय." लो मध्ये पहिल्या गिअरला, दोन्ही पाय मोकळे ठेवून मी तो उतार उतरले. गाडी घेतल्यापासून तिची खरी ओळख झाली ती त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये. डांबर लागताच तुम्ही टू एच करायला लावलंत. "न्हाईतर गेर रडतील." खरं आहे. चारही चाकं एकत्र जोडलेली असली की वळणावर पुढची जास्त अंतर काटतात, मागची कमी. चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा ताण गिअरवर येतो.

पाचशेची नोट तुम्ही माझ्याच मुठीत बंद केलीत. आईनं दिलेल्या दोन शेंगदाण्याच्या लाडवांतला एक खाल्लात, दुसरा टॉवेलाच्या टोकाला बांधलात. जाता जाता सांगितलंत, चाकाच्या आतला चिखल काढ, न्हाईतर साठला की स्टेरिंग थरथरंल. वाघबिळात हवा भरेपर्यंत मी आणि लेकीनं चारही चाकं आतून धुतली.

गौरीला मी आईला घरी सोडायला गेले. धो धो पाऊस. त्या दीड किलोमीटरच्या सुरुवातीला थांबले, लो टाकलं, दुसरा गिअर, पाय एकसारखा. आई शेजारी गप्प बसून होती. गाडी थेट तुळशीजवळ उभी केली. आईनं खाली उतरून आधी आपले पाय बघितले. चपला कोरड्या होत्या.

मामा, तुमचं खुरपं माझ्याकडं राहिलंय. डिकीतल्या चिखलात सापडलं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. इतकी वर्षं हाताला बसलेलं हत्यार, त्याच्यावाचून तुमचं अडत असेल. पोतं दोन ठिकाणी फाटलंय, पण धुऊन ठेवलंय. एक नवी जाड ताडपत्री घेतलीय, तिला नाही म्हणू नका.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी मी, आई आणि लेक पुन्हा मसाईला येतोय. सकाळी नऊला त्याच चरापाशी थांबू, दुपारपर्यंत थांबू. आई लाडू करणार आहे.

आपली,
राखाडी जिम्नीवाली आक्का
शिवाजी पेठ, कोल्हापूर