मास्क हाताशी ठेव

कुलाबा, मुंबई

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

गाडी सुटताना आईने किरणोत्साराचा विषय काढला आणि तू चिडलास. तिच्यावर राग धरू नकोस. मला स्वतःला पाणबुडीतल्या अणुभट्टीची धास्ती नाही. तिच्याभोवती जाड आवरण असतं, आणि अंगावर किती डोस गेला ते सांगणारा बिल्ला लावलेला असतो. माझा जीव बोटीतल्या हवेत अडकतो. ती बिघडली तर तू वेळेत उठशील का? तुझी झोप किती गाढ, हे मला ठाऊक आहे ना!

डिझेल बोट नळी वर काढून अधूनमधून हवा घेते. अणुबोट शिधा पुरेल तोवर खालीच. पाण्याचं विघटन करून प्राणवायू काढायचा, कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावात शोषून बाहेर टाकायचा, कार्बन मोनॉक्साइड तापलेल्या उत्प्रेरकावर जाळायचा. शीतयंत्रातला वायू गळून तिथे पोचला की आम्लाची वाफ होते. बंद बोटीत उडालेला फवारा सगळेच पुन्हापुन्हा हुंगतात, म्हणून तुझे स्प्रे बॅगेतून काढले. विचारून काढायला हवे होते, चुकलं माझं.

ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या दोन हल्लेखोर अणुपाणबुड्यांना मंजुरी मिळाली, तेव्हापासून तुझ्या डोक्यात दुसरं काही नाही. पाणबुडी शाखेत तुझी निवड झाली तर नानांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मलाही कमी आनंद नाही. पण 2012 ला आलेली अणुपाणबुडी 'चक्र' आठव. ती आधीची रशियन 'नेर्पा'. 8 नोव्हेंबर 2008 ला चाचणीच्या वेळी, कुठेही आग नसताना, आग विझवायचा वायू आत सुटला. बोटीवर 208 माणसं, त्यातली 20 गेली, आणि त्या वीसांतली 17 नौदलाची नव्हती. हाताला श्वासाच्या मास्कची सवय नसली की काय होतं, ते मला या आकड्यात दिसतं.

नळ्यांच्या सांध्यांचंही तेच. अमेरिकेची पाणबुडी 'थ्रेशर' 10 एप्रिल 1963 ला 129 जणांसह बुडाली. समुद्राच्या पाण्याच्या नळीचा चांदीच्या डाखाचा सांधा फुटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष. आधी गोदीत 145 सांधे ध्वनिलहरींनी तपासले, तेव्हा शंभरात चौदा कच्चे निघाले होते. बाकीचे न तपासताच राहिले. वर यायला टाक्यांत हवा सोडावी, तर हवेतल्या ओलाव्याचा झडपेच्या जाळीवर बर्फ धरतो, हे नंतर तिच्या जोडीच्या बोटीवर दिसलं. तपासणीच्या कागदावर सही करताना घाई करू नकोस. वरिष्ठ घाई करत असले तरी.

बघ, पुन्हा शिकवायला बसलो. रागावू नकोस.

14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री इथल्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडी पेटली, तेव्हा आजीने खिडकी लावून घेतली होती. तू पडदा सरकवून पाहत राहिलास. अठरा जण गेले. आजी अजून त्या खिडकीपाशी बसत नाही.

मास्कचंच सांगतो. अमेरिकी बोटींत हवेच्या नळीला ठिकठिकाणी जोड असतात. मास्कची नळी त्यात बसवायची, आणि एका जोडावरून सोडवून पुढच्याला लावेपर्यंत श्वास रोखायचा. तुमच्याकडे रीत वेगळी असेल, ती पहिल्याच दिवशी विचार. बंकवरून उठून डोळे मिटून मास्कपर्यंत हात जातो का, ते रोज पाहा. मग बंक बदलला तर नव्याने. किती पावलं भरली ते मला कळवू नकोस, बोटीतलं बोटीतच राहू दे. जमलं, एवढंच लिही.

तुझा,
बाबा