निखिलला: सराफ्याच्या चित्राबद्दल

इंदूर, गुरुवार रात्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री चित्र पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "जमत नाहीये, डिलीट करतोय." मी लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. सकाळी बाबांशी बोललास तेही "बिझी होतो" एवढंच. म्हणून लिहायला बसले. फोनवर मी लगेच शिकवायला लागते आणि तू गप्प होतोस.

आधी एवढंच सांगते, पुसू नकोस. आता चित्राबद्दल.

त्या गराडूवाल्याचा उजवा हात! तळलेल्या कंदावर जीरावन मसाला भुरभुरताना तीन बोटं जुळलेली, करंगळी सुटी, आणि वाफ लागू नये म्हणून मनगट जरासं मागे ओढलेलं. हे नुसत्या फोटोवरून येत नाही रे, तिथे उभं राहून बघितलेल्यालाच येतं. सराफ्यातल्या पेढ्यांची शटरं पडून खाण्याच्या गाड्या लागल्या की तू प्लेट हातात धरून त्याच्याकडे बघत राहायचास, गराडू गार व्हायचे आणि बाबा चिडायचे. शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवली, पण मुलं माणूस काढतात तेव्हा हात खिशात तरी घालतात नाहीतर पाठीमागे लपवतात. तू तो सगळ्यांत पुढे आणलास. काल बाबांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि बोटांनी मोठं करकरून कितीतरी वेळ तो हातच बघत होते.

मग अडतंय कुठे? मला वाटतं, उजेडात. खालून भट्टीची तांबूस आच आहे, वरून एलईडीचा पांढरा दिवा, आणि दोन्ही सारख्याच जोरात. म्हणून चेहरा सपाट दिसतो. एकाला मोठं कर. मी असते तर भट्टी निवडली असती. उजेड खालून आला की हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या, भुवईखालची खोबण उजळते आणि नाकाची सावली वर जाते. तू सवयीने ती ओठावर पाडली आहेस. एलईडी अगदी काढू नकोस, टोपीच्या कडेला आणि खांद्यावर निळसर, पातळ ठेव.

वाफ पांढऱ्या मऊ ब्रशने काढलीस, त्यामुळे ती कापूस पिंजल्यासारखी झाली. वाफेला स्वतःचा रंग नसतो, ती उजेडाचा घेते. भट्टीजवळ नारिंगी, वर जाताना राखाडी, आणि मागे अंधार असेल तिथेच नीट दिसणारी. मागच्या गर्दीच्या कडा मऊ कर, सगळेच इतके रेखीव असले की डोळा कुठे थांबायचं ते ठरवत नाही. उजेड-अंधार जोखायला आम्ही डोळे किलकिले करून बघायचो, तुला रंग काढून सगळं चित्र करडं करता येतं. मी मोबाइलवर करून पाहिलं. हाताच्या आधी पाठीमागचा दुकानाचा बोर्ड दिसतो. बोर्ड दाबलास की अर्धं काम झालं. आणि चित्र एकदा उलटं करून बघ, आम्ही त्यासाठी आरसा धरायचो, डावा खांदा किती उतरलाय ते लगेच कळेल.

बघ, शिरलेच वर्गात. माफ कर. यातलं काहीच केलं नाहीस तरी चालेल. फक्त पुसू नकोस.

कागद फाडला तरी तुकडे टोपलीत राहायचे, सकाळी राग गेला की काढता यायचे. महेश्वरच्या घाटाचं तुझं चित्र एका रात्रीत गेलं. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचा बारकासा फोटो उरलाय, मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. चित्र बंद केलं की अनडू पण हाताला लागत नाही, हे तूच मला सांगितलंस ना? मग पुसायच्या आधी फाइलची प्रत करत जा, नावात तारीख घाल, लेयर एकत्र करू नकोस. राग काढायचा तो प्रतीवर काढ.

सुमाआत्याची लोखंडी पेटी तू पाहिली आहेस. तिच्यात एकही पुरं चित्र नाही. कॉलेजात असताना आम्ही दोघी कृष्णपुऱ्याच्या दगडी समाधी-छत्र्यांसमोर कागद मांडून बसायचो. मी रंग कालवत बसायची आणि ती छत्रीची अख्खी सावली एका हातात टाकून मोकळी व्हायची. ती ओली सावली इतकी पारदर्शक असायची की खालचा दगड दिसायचा. माझ्या हातून तशी एकदाही पडली नाही. मग म्हणायची, "छे, बिघडलं," आणि ओलाच कागद चुरगळायची. मी ओरडायची, ती हसायची. पुढचं तुला माहीत आहे. काल तुझा मेसेज वाचला आणि मला ती दिसली, म्हणून रात्रभर झोप नाही. हे तुला सांगायचं नव्हतं.

तू म्हणतोस, माझी शैलीच नाही. आपल्या इंदूरचे चित्रकार बेंद्रे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी, 1950 मध्ये बडोद्याला तुझ्याच विभागाचे प्रमुख झाले. निसर्गचित्रांतून निघालेला माणूस घनवादात, म्हणजे सगळं भौमितिक आकारांत मांडण्यात, शिरला आणि पुढे ठिपक्याठिपक्यांनी रंगवू लागला. तू 20 वर्षांचा आहेस. इंदूरचा मुलगा बडोद्यात बसून सराफा रंगवतो याचं मला केवढं वाटतं, ते तुला कसं सांगू! चित्र बिघडूही दे, पण पुरं कर. बिघडलेलं पुरं चित्र मला बघायचंय.

बाबांची शुगर ठीक आहे. खर्चाचे पैसे सकाळी टाकलेत. आईच्या हातचा चिवडा त्या वसतिगृहातल्या मुलांबरोबर सगळा संपवू नकोस, थोडा स्वतःला ठेव.

रविवारी सुमाआत्या जेवायला येते आहे. तिला तुझं चित्र दाखवू का, ते कळव. नको म्हणालास तर दाखवणार नाही.

तुझी,
आई